तलावातली बायकांची वाट

११ जून. घरामागच्या विहिरीतला गाळ काढायला आज दोन माणसं लावली आहेत. पाऊस आठ-दहा दिवसांवर आला आहे. आता राहिलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिलं. एक माणूस खाली, एक रहाटावर, आणि वर आलेला गाळ वांग्याच्या वाफ्यात पसरायचं काम माझ्याकडे. खालच्याला उतरू देण्याआधी मी पेटता कंदील आत सोडून पाहिला, दोर ओढून पाहिला आणि लांब बांबू टाकून तळ चाचपायला लावला. तो हसला. म्हणाला, "मॅडम, मागच्या साली मीच तं उतरलो होतो." मी म्हटलं, "तरी टाक."

ही सवय मला एका मर्गाच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या, तपासातून लागली. पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दीड वर्ष झालं. नोकरीत खून, दरोडे, फसवणुकी पुष्कळ पाहिल्या आणि त्यातल्या बऱ्याच आता डोक्यात एकमेकांत मिसळल्या आहेत. हे प्रकरण मिसळलं नाही. यात चोरी नव्हती, वैर नव्हतं. नावं लिहीत नाही. ती माणसं अजून त्याच गावात राहतात.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यात, गोरेगाव भागातल्या एका ठाण्याची ठाणेदार होते. धान निसवायला आलं होतं, पावसाने उघडीप दिली होती. सकाळी हजेरी चालू असताना एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. गावतलावात बाई बुडाली. बीट जमादाराला घेऊन मी निघाले.

आमच्याकडे जुने तलाव गावोगाव आहेत. त्यावर धान पिकतं, त्यात मासे होतात, आणि काठाकाठाच्या चिखलात कमळाचे कांदे होतात, ज्याला इकडे ढेस म्हणतात. मासे पुरुष धरतात, जाळ्याने, डोंग्यात बसून. ढेस बायका काढतात, पाण्यात उतरून, पायाच्या बोटांनी चिखल चाचपत. बोटाला कांदा लागला की वाकायचं आणि उपसायचा. मयत बाई मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली, पंचावन्नच्या आसपासची, विधवा. सगळं गाव तिला मोठी म्हणायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या तलावात उतरत होती.

मी पोचले तेव्हा तिला पाळीवर, तलावाच्या बांधावर, आणून ठेवलं होतं. अंगावर मार नाही, कपडे जागच्या जागी, मुठीत चिखल. चार-पाच बायका ओल्या लुगड्यांनीच बसून होत्या. तिचा एकुलता मुलगा, गावच्या मच्छीमार संस्थेचा सचिव, गोरेगावला मासे घेऊन गेला होता. तो मोटारसायकलवर आला, उतरला आणि उभाच राहिला. रडला नाही. लोक आईजवळ धावतात. हा तलावाकडे बघत होता. मला ते तेव्हा दिसलं होतं. पण धक्का बसलेला माणूस कुठेही बघतो, असं म्हणून मी सोडून दिलं.

पंचनामा झाला. खबर मुलाने दिली: ढेस काढताना पाय घसरून बुडाली, कोणावर संशय नाही. जमादाराने पाळीवरच्या दोन पुरुषांचे जबाब घेतले. तेही तेच बोलले. डॉक्टरांनी बुडून मृत्यू लिहून दिला. मर्गाचं प्रकरण आठवडाभरात बंद होण्यासारखं होतं. मी कागदावर सही केली. ओल्या लुगड्यांनी बसलेल्या बायकांना कोणी काही विचारलं नव्हतं, मीही नाही. ही चूक माझी आहे आणि ती जमादाराच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

पाचव्या दिवशी गोरेगावच्या बाजारात बंदोबस्त होता. मी भाजीच्या ओळीतून जात होते. एक बाई ढेसाची टोपली पुढे ठेवून बसली होती. ढेस थोडेच होते आणि तेही शिळे. तिने मला ओळखलं.

"मॅडम, तुमी आल्ता ना आमच्या तलावावर? मी तिची जाऊ. लहानी."

मी थांबले. ती टोपलीवरचं ओलं फडकं नीट करत खाली बघूनच बोलली. "मोठीचा पाय नाई घसरला. चाळीस वर्षं जिचा पाय नाई घसरला, तिचा आताच काऊन घसरंल? तिच्या पायाखालची जमीनच कोनं तरी नेली."

"नेली म्हणजे?"

"म्हंजे नेली. मी तिच्या मागंच होती, मॅडम. हातभर. दरसाल ढेस काढाच्या पहिल्या दिवशी मोठी म्होरं असते, आमी सप्पा तिच्या मागं एका रांगेनं. ते जिथं पाय टाकंल तिथंच आमी टाकाचा. कंबरभर पानी होतं. ते म्हने, इथं ढेस दिसून नाई राहिले, म्होरं चाला. आन् एक पाऊल टाकलं तं गेलीच. मी पदर सोडून फेकला. पुरला नाई."

"तुम्हाला पोहता येत नाही?"

तिने मान वर केली. "कायले येईल? कंबरेच्या वर पान्यात आमी जातच नाई."

शेजारची कोथिंबीरवाली मधेच बोलली, "सांग ना वो पुरं. ठेकेदाराचं सांग." तेव्हा लहानीने सांगितलं. उन्हाळ्यात सरकारी योजनेतून तलावातला गाळ काढला होता. पोकलेन आली होती. ठेकेदाराने गाळाखालचा मुरुम चोरून नेला आणि खड्डा तसाच ठेवला, असं गावात सगळे म्हणतात. "त्याले सोडू नका, मॅडम. कोनं का असंना, सोडू नका."

दुसऱ्या दिवशी मी तलावावर गेले. एका म्हाताऱ्या ढिवराचा डोंगा घेतला, बारा हात बांबू घेतला, लहानीला काठावर उभं केलं. ती हात करून वाट दाखवत होती आणि आम्ही त्या वाटेने बांबू टाकत चाललो. तळ लागत होता: कंबरभर, कंबरभर, कंबरभर. मग बांबू हातातून निसटल्यासारखा खाली गेला. पूर्ण गेला, तरी तळ नाही. उतार नव्हताच. घराच्या ओट्यावरून खाली अंगणात पाय टाकावा तशी सरळ कड. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं का इथं एवढं खोल आहे?" तो म्हणाला, "आता तुमीच पाहून राहिल्या ना." हे उत्तर नव्हतं. पण माझं डोकं तेव्हा ठेकेदारावर होतं.

ती योजना वाईट होती असं मी म्हणणार नाही. तलावात पिढ्यान्‌पिढ्या साचलेला गाळ काढायचा, म्हणजे पाणी जास्त मावतं. तोच गाळ शेतकऱ्याने स्वतःच्या ट्रॅक्टरने शेतात न्यायचा, म्हणजे खताची गरज कमी होते. त्या गावात मी स्वतः बघितलं, गाळ पडलेल्या बांध्यांतलं, म्हणजे धानाच्या शेतांतलं, पीक शेजारच्यापेक्षा गडद होतं आणि विहिरींचं पाणी वर आलं होतं. अट एवढीच की गाळच काढायचा, मुरुम नाही, आणि नकाशात दिलं आहे तेवढंच खणायचं. नकाशात त्या जागी खड्डा नव्हता.

मी पोकलेनच्या ऑपरेटरला गोंदियाहून बोलावून घेतलं. सकाळी दहाला आला, त्याला दुपारी तीनपर्यंत बाकावर नुसतं बसवून ठेवलं. ही आमची जुनी पद्धत. माणूस स्वतःशी बोलून थकतो आणि मग आमच्याशी बोलतो. बाहेर गावातली पंचवीस-तीस माणसं जमली होती. सरपंच आत येऊन सांगून गेले, "मॅडम, आमाले द्या पाच मिनिटं, कबूल करते का नाई पाहा." मी त्यांना हाकललं. पण ऑपरेटरने ते ऐकलं होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"मैडम, मुरुम की एक ट्रॉली भी गई हो तो मेरे हाथ काट दो।"

"मग खड्ड्यातली माती उडून गेली?"

"पाळ पे है ना! पाळ पे डाली, जाके देख लो। आधी मिट्टी, ऊपर मुरुम, दबा के दी।"

मी जमादाराला पाठवलं. तासाभराने त्याचा फोन आला. पाळीचा एक तुकडा नवा होता, हातभर उंच, वर मुरुम चोपलेला. चोरणारा माणूस माल पाळीवर घालून चोपून देत नाही. मी ऑपरेटरला चहा मागवला आणि मग साधं विचारलं, "तुला खड्डा खणायला कोणी सांगितला?"

तो दाराकडे बघत हळू बोलला. "आखिरी दिन शाम को चार जन आए थे। मुर्गा-भात लेके। बोले, भैया, साहब के नक्शे में नहीं है, पर मछली के लिए एक डोह खोद दे। गरमी में पानी सूखता है, मछली मर जाती है। मैंने बोला, मेरा क्या जाता है, डीज़ल तो बचा है। मैडम, जो उनका सचिव है ना, उसने खुद खूँटियाँ गाड़ीं, चारों कोने पे।"

सचिव म्हणजे मयत बाईचा मुलगा.

बाहेर लोक ओरडत होते. ऑपरेटरला मागच्या दाराने ठाण्याच्या गाडीत बसवून गोंदियाला पोचवायला सांगितलं आणि मुलाला निरोप धाडला.

तो संध्याकाळी आला. दशक्रिया नुकतीच झाली होती, डोकं भादरलेलं. तिशीचा, बारावी शिकलेला, गावात ज्याला फॉर्म भरता येतात असा. मी त्याला खुर्ची दिली. प्रश्न विचारायच्या आधी एक तांब्या पाणी दिलं. ते त्याने एका दमात प्यायलं.

"डोह कोणी खणायला लावला?"

"मीच."

एवढ्या सरळ उत्तराची मला अपेक्षा नव्हती. कबुलीजबाबापर्यंत पोचायला आम्हाला वळणं घ्यायची सवय असते.

"आधीच्या उन्हाळ्यात तलाव आटला, मॅडम. अंड्यावरचे मासे तडफडून मेले. तालुक्याले आमचं प्रशिक्षण झालं, तिथं सायबानं चित्र दाखवलं होतं: तलावात एक डोह ठेवा, पानी राहते, मासोळी वाचते. मंग गाळाची योजना आली. मी अर्ज केला, डोह नकाशात टाका म्हटलं. नाई टाकला. मशीन जाऊन राहिली होती. मंग..."

"मग तुम्ही खणून घेतला. तिथं निशाणी ठेवली होती?"

"चार बांबू गाडले ना. पानी आलं, बांबू खाली गेले. पन आमाले सप्पायले माहीत होतं. डोंगा नेला का समजते कुठं हाय ते."

"आम्हाला म्हणजे कोणाला?"

"संस्थेतल्या लोकायले."

"संस्थेत किती बायका आहेत?"

"एकही नाई."

"घरी सांगितलं होतं? आईला?"

तो तांब्याच्या कडेवरून बोट फिरवू लागला. "ते काठाकाठानं जाते असं मले वाटे. काठावर कुठं धोका हाय? ते सकाळी जाते तवा मी बाजारात असतो. मी घरी येतो तवा ढेस चुलीवर असते." मग म्हणाला, "ते तलावात कुठून जाते, मी कधी पाहिलंच नाई, मॅडम. जलमल्यापासून तेच खाऊन राहिलो."

"आणि पाय घसरला म्हणून खबर दिली. लोक ठेकेदाराचं नाव घेत होते तेव्हाही गप्प बसलात. आज तो ऑपरेटर मार खाता खाता वाचला."

"हो."

"कायले?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"काकी डोळ्याम्होरं होती. तिनं मायले जाताना पाहिलं. तिले कोन्या तोंडानं सांगू?"

मी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला. त्याने सही केली. अक्षर सुंदर होतं.

हयगयीने मृत्यूला कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल करावा लागणार होता. त्याच्यावर आणि त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर गेलेल्या संस्थेच्या तिघांवर. ऑपरेटर साक्षीदार. काम संपल्यावर तलावाची पाहणी न करता अहवाल दिला गेला, याबद्दल मी वरिष्ठांना वेगळं लिहिलं. त्या पत्राचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुन्हा नोंदवला तेव्हा लहानी ठाण्यात आली. तिला कोणीतरी सांगितलं होतं. चप्पल हातात घेऊन, ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"मॅडम, मी तं ठेकेदारासाठी बोलली होती."

"माहीत आहे."

"मिटवा ना मंग. आमच्या घरचंच हाय."

"बाई, तुम्हीच म्हणालात, कोणी का असेना, सोडू नका."

"म्हटलं. कोनाले माहीत होतं, आमचाच निंगंल?" ती खाली बसली. "मोठी एक खाल्ली तलावानं. आता हा पोरगा तुमी नेता. तिले मी काय सांगू?"

मी तिला कायदा सांगितला: गुन्हा जामिनाचा आहे, एक जामीनदार मिळाला तर तो आजच घरी जाईल. बाहेर सरपंच होते, संस्थेचे सभासद होते, कालचे ओरडणारे होते. जामीनदार म्हणून एकही पुढे आला नाही. उरलेल्या तिघांना त्यांच्या घरच्यांनी सोडवून नेलं. त्याला घरचं असं कोणी राहिलं नव्हतं. तो कोठडीच्या बाहेरच्या बाकावर खाली मान घालून बसला होता.

लहानी उठली. "जामीन बाई होऊ शकते का, मॅडम?"

"होऊ शकते. सातबारा लागेल."

"धानाची अर्धी बांधी माह्या नावानं हाय." दोन तासांनी तिने सातबारा आणला. मुन्शीने कागद वाचून दाखवला आणि शाईचं पॅड पुढे केलं. अंगठा उमटवताना तिने पुतण्याकडे बघितलं नाही. मग पदराने शाई पुसत त्याला म्हणाली, "चाल घरी. सकाळपासून जेवला नसशील." तो उठला. तिच्या मागून, दोन हात अंतर ठेवून गेला.

खटल्याचा निकाल लागायच्या आत माझी बदली झाली. साक्षीला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा तारीख पुढे गेली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते मी नव्या अधिकाऱ्यांना सांगत असे, इथेही सांगते. तपासात मी नंतर त्या ग्रामसभेचं रजिस्टर मागवून वाचलं, ज्यात गाळ काढायचा ठराव झाला होता. ठराव बिनचूक होता. शेतकऱ्यांना किती गाळ, ट्रॅक्टर कोणाचे, पाणी कुठल्या बांध्यांना आधी, मासे कोणाचे, सगळं होतं. बायकांचे अंगठेही होते, घरोघर फिरून घेतलेले. पाणी ज्यांच्या शेतात जातं त्यांना विचारलं होतं. पाण्यावरून जे जातात त्यांना विचारलं होतं. जे पाण्यात पायी चालतात त्यांना विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण त्यांची वाट कुठल्याच नकाशात नव्हती. ती फक्त त्यांच्या पायांना माहीत होती. सरकारला सुचलं नाही, संस्थेला सुचलं नाही, पोटच्या मुलाला सुचलं नाही, आणि पाळीवर पंचनामा करताना मलाही सुचलं नाही. त्या दिवसानंतर कुठल्याही घटनास्थळी मी पहिला प्रश्न एकच विचारला: इथून रोज पायी कोण जातं? आणि त्याच माणसाचा जबाब आधी घेतला.

जामीन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणवेश न घालता त्या तलावावर गेले. जमादाराला लांब बांबू आणायला सांगितले होते, पाणी भरलं तरी दोन हात वर राहतील असे. लहानीला बोलावलं, ओळीतल्या बाकीच्या बायकांना बोलावलं, मुलालाही बोलावलं. तो डोंग्यात बांबू घेऊन उभा होता. बायका पाण्यात उतरायला तयार होईनात. मग मीच चपला काढून आधी उतरले, गुडघ्यापर्यंत, आणि लहानी माझ्या पुढे झाली. एका हाताने तिने डोंग्याचा काठ धरला आणि पायाने तळ चाचपत चालू लागली. थांबेल तिथे तो बांबू ठोकायचा, मी त्याला लाल चिंधी बांधायची.

डोहाच्या कडेपाशी आल्यावर त्याने बांबू रोवायला धरला आणि विचारलं, "इथं, काकी?"

"नाई गा. आनखी इकडं घे," ती म्हणाली. "तुही माय इथून वळत होती."

त्याने बांबू तिथे रोवला. मी चिंधी बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि आम्ही पुढच्याकडे गेलो.